चार सामन्यांची बंदी

टॉबी रेनल्ड्स पडला तेव्हा मी पुस्तक वाचत होतो.

आवाज आला म्हणून मान वर केली. ओली गादी फरशीवर आपटावी तसा आवाज. माझ्यापासून वीसेक पावलांवर ब्राइटवेल क्लबचा तो एकोणीस वर्षांचा पोरगा उताणा पडला होता. त्याचा एक हात कोपरापासून वर उचललेला आणि तसाच ताठ. त्याच्याजवळ माझा मुलगा निषाद उभा होता. चेंडू दोघांपासून लांब घरंगळत गेला होता आणि त्याच्यामागे कुणीही धावत नव्हतं.

"उठेल आता," कुंपणाला टेकलेला एक गृहस्थ म्हणाला.

तो उठला नाही. स्ट्रेचर आणलं गेलं. अंपायरनं खिशातून वही काढून निषादच्या पाठीवरचा नंबर लिहून घेतला. निषादनं वाद घातला नाही. स्ट्रेचर फाटकाबाहेर जाईपर्यंत तो तिकडेच बघत राहिला.

मेलबर्नच्या उत्तरेला वॉरन्स हिल नावाचं आमचं उपनगर. तिथल्या क्लबकडून निषाद तेव्हा अकरा वर्षं फुटबॉल खेळत होता. हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हातानं धरायचा, पायानं लाथाडायचा आणि अंगाला अंग भिडवायचा ऑस्ट्रेलियन खेळ. खांद्यानं धडक द्यायला परवानगी असते, पण धडक मानेच्या वर बसता कामा नये. पूर्वी "चुकून लागलं" म्हटलं की भागायचं. ज्या साली हे घडलं त्या साली लीगनं नियम कडक केले होते. चुकून लागो की मुद्दाम, डोक्याला लागलं की बंदी.

तो सामना आम्ही जिंकलो आणि सरळ फायनलला गेलो. ब्राइटवेलला आणखी एक संधी होती. पुढच्या शनिवारी ते दुसऱ्या संघाशी खेळणार आणि जिंकले तर फायनलला पुन्हा आमच्यासमोर येणार.

रविवारी संध्याकाळी क्लबचा अध्यक्ष डेस हॅरिगन आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. नळ दुरुस्तीचा धंदा करणारा अवाढव्य माणूस. मला तो 'प्रोफेसर' म्हणायचा. मी नगरपालिकेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायचो, हे मी त्याला दोनदा सांगून पाहिलं होतं.

"चार सामने," त्यानं लीगचं पत्र टेबलावर ठेवलं. "उद्या पाचच्या आत गुन्हा कबूल केला तर एक माफ, म्हणजे तीन. पण तीन काय नि तीस काय, फायनल गेलीच."

"मी घेतो," निषाद म्हणाला.

"काय घेतोस?"

"तीन. कबूल करतो."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अठ्ठावीस वर्षं कप बघितला नाही क्लबनं. तुझ्याशिवाय मधली जागा कोण सांभाळणार? मी?" आणि त्यानं स्वतःच्या पोटावर थाप मारली.

शरयू, माझी बायको, चहा ओतता ओतता हसली. निषाद हसला नाही. "टॉबी कसा आहे?" एवढंच त्यानं विचारलं.

"घरी सोडलाय. डोकं दुखतंय म्हणे. जवान पोर आहे, होईल बरा." डेस माझ्याकडे वळला. "प्रोफेसर, लीगच्या ट्रायब्युनलसमोर बाजू मांडायला क्लबतर्फे एक माणूस लागतो. आमचा नेहमीचा मिक आजारी आहे. तुम्ही नियमांचं पुस्तक तेवढं चाळून बघता का? आमच्यापैकी कुणी दुसऱ्या पानाच्या पुढे गेलेलं नाही."

त्यानं साठ पानांचं ते पुस्तक माझ्यासमोर सरकवलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला जो आनंद झाला तो लपवणं मला कठीण गेलं. अकरा वर्षं मी त्या मैदानाच्या कडेला बसत होतो. इतर मुलांचे बाप संत्री कापून द्यायचे, खांब रोवायचे, निशाण हलवायचे, ओरडायचे. मला त्यातलं काही जमत नसे. मी घडीच्या खुर्चीवर बसून पुस्तक वाचायचो. निषाद बारा वर्षांचा असताना एकदा म्हणाला होता, "बाबा, तुम्ही नाही आलात तरी चालेल." तो ते चांगुलपणानं म्हणाला होता. मला ते अजून लागतं.

सोमवारी दुपारपर्यंत मी पुस्तक दोनदा वाचून काढलं. एक अपवादाचं कलम सापडलं. खेळाडूची नजर चेंडूवर असेल आणि समोरचा ऐनवेळी खाली झाल्यामुळे डोक्याला लागलं असेल, तर दोष धडक देणाऱ्याचा नाही.

निषाद मागच्या अंगणात पायरीवर बसून बुटांच्या तळाचा चिखल खरवडत होता.

"तुझी नजर चेंडूवर होती ना?"

तो खरवडत राहिला. "बाबा, राहू द्या ना."

"होतीच. तुझा खेळ मला माहीत नाही का?"

त्याचा खेळ मला माहीत नव्हता. त्यालाही हे ठाऊक होतं. तो मान वर करून काहीतरी बोलणार होता, असं मला आज वाटतं. पण आजचं वाटणं कितपत खरं धरावं? त्या दिवशी मला एवढंच दिसलं की तो नाही म्हणाला नाही.

"तो नको म्हणतोय, तर तुम्ही कशाला मागे लागलात?" शरयूनं मला विचारलं.

"संकोच वाटतोय त्याला. माझ्यावर गेलाय."

"तुमच्यावर गेला असता तर घरात बसून राहिला असता. कुणाला धडकायला गेला नसता."

पाच वाजून गेले. आम्ही कबुली कळवली नाही.

मंगळवारी संध्याकाळी सातला लीगच्या कचेरीत सुनावणी होती. मी लग्नकार्याचा कोट घातला. गाडीत मीच बोलत होतो, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. महाराष्ट्र मंडळात एकदा माझ्यावर आभारप्रदर्शनाची पाळी आली होती, तेव्हा पोटात दुखतंय म्हणून मी शरयूला उभं केलं होतं. त्या संध्याकाळी माझं पोट अगदी ठीक होतं.

समोर तिघंजण बसले होते. मधोमध मिसेस पापास, पांढऱ्या केसांच्या, कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या.

"मिस्टर करमळकर, आपण वकील आहात का?"

"नाही मॅडम. मी ग्रंथालयात होतो."

"म्हणजे हळू बोलायची सवय असणार. इथे जरा मोठ्यानं बोला. मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं."

सगळे हसले. मीही हसलो, आणि माझी भीती जी गेली ती गेलीच.

टॉबी आईबरोबर आला होता. त्यानं काळा चष्मा घातला होता. ट्यूबलाइटचा त्रास होतो म्हणून त्याच्या बाजूचा एक दिवा त्यांनी बंद केला. तो वीजतंत्र्याकडे उमेदवारी करत होता, हे मला त्याच वेळी कळलं. चक्कर येत होती म्हणून डॉक्टरांनी त्याला शिडीवर चढायला मनाई केली होती.

"काय झालं ते सांग," मिसेस पापास म्हणाल्या.

"आठवत नाही, मॅडम. चेंडू आला. मग अँब्युलन्स."

"धडक कशी बसली?"

"आठवत नाही. निश चांगला खेळाडू आहे. माझी काही तक्रार नाही." एवढं बोलून त्यानं निषादकडे पाहिलं. आपलं काम झालं, आता तुझी पाळी, अशा नजरेनं पाहिलं. ही ओळ मी आज लिहू शकतो. तेव्हा मला फक्त काळा चष्मा दिसला.

मग मी उठलो.

"टॉबी, चेंडू कुठून आला?"

"डावीकडून. असावा."

"असावा. उचलायला तू कमरेतून वाकलास की गुडघे वाकवलेस?"

"माहीत नाही."

"शेवटच्या क्षणी तू खाली झालास, असं शक्य आहे?"

"शक्य सगळंच आहे, सर."

"म्हणजे तू खाली झाला नाहीस, असं तू छातीठोक सांगू शकत नाहीस."

"नाही, सर."

त्याच्या आईनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. मी मात्र रंगात आलो होतो. एका पालकानं घेतलेलं चित्रण होतं. ते मी तीनदा लावायला सांगितलं. त्यात निषाद पाठमोरा दिसत होता.

"या चित्रात निषादचे डोळे दिसतात का?" मी अंपायरला विचारलं.

"नाही."

"तुम्हाला मैदानात दिसले होते?"

"नाही. मी मागे होतो."

"मग त्याची नजर चेंडूवर नव्हती, असं या खोलीत कोण सांगू शकतं? ज्याला लागलं त्याला आठवत नाही. ज्यानं नोंद केली त्याला दिसलं नाही."

माझंच वाक्य मला इतकं आवडलं की मी क्षणभर थांबलो. मागच्या खुर्चीवरून डेसचा आवाज आला, "वा, प्रोफेसर!" मिसेस पापासनी त्याला गप्प केलं. मग त्या निषादकडे वळल्या.

"एक जण सांगू शकतो. बोल बाळ. तुझी नजर कुठे होती?"

निषादनं आधी टॉबीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी अजून उभाच होतो, माझा हात त्या साठ पानांच्या पुस्तकावर होता. मी त्याला धीर यावा म्हणून मान हलवली.

"चेंडूवर," तो म्हणाला.

दहा मिनिटांत निकाल आला. आरोप सिद्ध झाला नाही. निषाद खेळायला मोकळा. डेसनं मला मिठी मारली. माझे पाय चक्क जमिनीवरून उचलले गेले. वयाची साठी उलटलेल्या माणसाला कुणी असं उचलत नाही.

निषाद बाहेर गेला होता. मी त्याच्यामागे गेलो, तर गाड्या लावायच्या जागेत टॉबीची आई माझी वाट बघत उभी होती. ती शाळेची बस चालवते, असं नंतर कळलं. आवाज न चढवता ती बोलत होती.

"तुम्ही इथे नवीन आहात का?"

"नाही. तीस वर्षं झाली आम्हाला."

"मग तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. ज्याला लागलं तो कुणाचं नाव घेत नाही. विचारलं तर आठवत नाही म्हणतो. आणि ज्यानं मारलं तो आपली शिक्षा मुकाट्यानं घेतो. माझ्या वडिलांच्या काळापासून असंच चालतं इथे."

"पण नियमात तसं..."

"टॉबीला आठवतं. सगळं आठवतं. तुमचा मुलगा चेंडूकडे बघतच नव्हता. टॉबीच्या तोंडाकडे बघत आला. घरातून निघताना मी टॉबीला म्हटलं, खरं सांगून टाक. तर म्हणाला, नको आई, निश स्वतः सांगेल."

ती गाडीत जाऊन बसली. टॉबीनं खिडकीच्या काचेला डोकं टेकवलं होतं.

मी आमच्या गाडीत बसलो. किल्ली हातात धरून तसाच राहिलो.

"काय म्हणत होत्या?" निषादनं विचारलं.

"काही नाही. चिडल्या आहेत, साहजिक आहे."

तो समोर बघत म्हणाला, "मी त्याच्याकडेच बघत होतो, बाबा. त्यानं आधी मला दोनदा चकवलं होतं. मला वाटलं, एकदा याला दणका देऊ. डोक्याला लागावं असं नव्हतं मनात. पण चेंडू मी बघितलाच नाही."

"मग हे तू रविवारीच का नाही बोललास?"

"तीन घेतो म्हणालो होतो ना."

"आत्ता? आत्ता त्यांनी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही उभे होतात." त्यानं बाहीला नाक पुसलं. बावीस वर्षांचा, माझ्या दीडपट अंगाचा मुलगा. "मी तुम्हाला चारचौघांत बोलताना कधी बघितलंच नव्हतं. तुम्ही इतकं छान बोललात. सगळे तुमच्याकडे बघत होते. मी नाही म्हणालो असतो तर तुमचं काय झालं असतं?"

कचेरीतले दिवे अजून चालू होते. खिडकीतून मिसेस पापास कागद आवरताना दिसत होत्या.

"परत जाऊ या का?" तो म्हणाला. "अजून आहेत त्या. मी जाऊन सांगतो. तुम्ही इथेच बसा हवं तर."

त्याचा हात दाराच्या कडीवर होता. मी नुसतं 'जा' म्हणायचं होतं. 'जा'सुद्धा म्हणायची गरज नव्हती, गप्प बसलो असतो तरी तो गेला असता.

"आता निकाल लागलाय," मी म्हणालो. "निकाल लागल्यावर काही करता येत नाही. नियम आहे."

असा नियम नव्हता. ते पुस्तक मी दोनदा वाचलं होतं.

मी गाडी सुरू केली. त्यानं कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

निषाद आता डार्विनला असतो. दर रविवारी आईशी फोनवर तासभर बोलतो. फोन माझ्याकडे आला की आम्ही हवेबद्दल बोलतो. तिकडे नेहमीच उकडत असतं, त्यामुळे ते बोलणंही लवकर संपतं. टॉबीचं म्हणाल तर त्यानं उमेदवारी वर्षअखेरीस सोडली, शिडीवर चढणं त्याला जमेना. पुढे तो एका गोदामात लागला असं ऐकलं. मी चौकशी केली नाही. ऐकलं एवढंच.

फायनल त्या सुनावणीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी झाली. ब्राइटवेलवाले मधला सामना जिंकून आलेच होते. निषाद खेळला. चेंडू जवळ आला की इतर मुलं झेप घ्यायची, तो अर्धं पाऊल थांबायचा. कुणाच्या अंगाला तो एकदाही भिडला नाही. तरी आम्ही नऊ गुणांनी जिंकलो. भोंगा वाजला तशी माणसं कुंपणावरून उड्या मारून आत शिरली. डेस रडत होता. त्यानं त्याचा जाडजूड हात माझ्या गळ्यात टाकला होता.

मग रिवाजाप्रमाणे ब्राइटवेलचे खेळाडू एका ओळीत उभे राहिले आणि आमची मुलं हात मिळवत त्यांच्यासमोरून निघाली. बावीस जण होते. आमचा कप्तान पुढे होता, त्याचा हात प्रत्येकानं हातात घेतला. त्याच्यामागच्याचाही. निषाद नववा की दहावा होता.

निषाद समोर येताच पहिल्यानं हात मागे घेतला. दुसऱ्यानं कमरेवर ठेवला. तिसरा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. कुणी शिवी दिली नाही, धक्का दिला नाही. निषादच्या पुढच्याचा हात ते घेत होते, मागच्याचाही घेत होते. निषादनं हात खाली केला नाही. तो उजवा हात पुढे धरून प्रत्येकासमोर थांबत होता, डोळ्यांत बघत होता आणि पुढे जात होता. आमच्या मुलांनी ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. ती सगळी रांग त्यानं तशीच पार केली. शेवटच्या खेळाडूनंतर समोर कुणीच नव्हतं, तरी त्याचा हात पुढेच होता.

"प्रोफेसर," डेस माझ्या कानाशी ओरडला, "हा कप अर्धा तुमचा! मिकला आता घरीच बसवतो. पुढच्या मोसमापासून ट्रायब्युनलचं सगळं काम तुमच्याकडे. येणार ना?"

आजूबाजूला माणसं माझी पाठ थोपटत होती. त्यांच्यातल्या निम्म्यांना मी ओळखतसुद्धा नव्हतो, पण त्या सगळ्यांना माझं नाव माहीत होतं. निषादनं मान वळवून गर्दीत शोधलं. मला शोधत होता. त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली.

मी डेसकडे वळलो आणि हो म्हणालो.